पालट आणि स्वभाव : धर्मानंद कोसंबी ह्यांच्या ‘निवेदना’च्या निमित्ताने

‘स्वभावाला औषध नाही’ अशी आपल्याकडे एक म्हण आहे, आणि ‘नव्याचे नऊ दिवस’ अशी दुसरी. दोन्ही म्हणी एकाच अनुभवातून निघालेल्या आहेत. मनुष्य बदलण्याचा निश्चय करतो, काही दिवस तो पाळतो आणि मग पुन्हा पूर्वपदावर येतो, हा तो अनुभव होय. आत्मचरित्र हा वाङ्मयप्रकार एका अर्थी ह्या दोन म्हणींना दिलेले उत्तर आहे. ‘मी असा होतो आणि असा झालो’ हे सांगण्यासाठीच बहुतेक आत्मचरित्रे लिहिली जातात. तथापि ‘झालो’ ह्या क्रियापदात जे सामावलेले असते, ते फार थोडी आत्मचरित्रे उलगडून दाखवितात. पालट कसा घडला हे ती सांगतात. तो टिकला कसा, म्हणजेच त्याचा स्वभाव कसा बनला, हे वाचकाला ताडावे लागते.

ह्याचे कारण वाङ्मयीन आहे. पालटाचा क्षण नाट्यमय असतो आणि त्याभोवती कथा सहज गुंफता येते. त्यानंतरची वर्षे एकसुरी असतात. संत ऑगस्टीनचे आत्मकथन वाचणाऱ्यास मिलान येथील बागेतला प्रसंग आठवतो. त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात आपल्यात अजून कोणते मोह शिल्लक आहेत ह्याची त्याने कसोशीने केलेली झडती मात्र फारशी कोणाच्या स्मरणात राहत नाही. मराठीत बेळगावात जन्मलेले बाबा पदमनजी (१८३१–१९०६) ह्यांनी आपल्या आत्मचरित्रास ‘अरुणोदय’ असे नाव दिले. नावातच त्या ग्रंथाचा रोख स्पष्ट होतो. पहाट हा त्याचा विषय आहे. पहाटेनंतरचा दिवस, त्यातील ऊन आणि थकवा ही वेगळ्या प्रकारच्या लेखणीची मागणी करतात.

अशी लेखणी मराठीत कोणाजवळ होती, असा प्रश्न केल्यास प्रस्तुत लेखकाच्या मते धर्मानंद कोसंबी ह्यांचे नाव प्रथम घ्यावे लागेल. ‘निवेदन’ हे त्यांचे आत्मकथन १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. त्याला आता शंभर वर्षे उलटून गेली. बौद्ध विद्येच्या अभ्यासकांत त्याचा उल्लेख आदराने होतो, पण वाङ्मय म्हणून त्याची चर्चा होते तेव्हा ‘माहितीपूर्ण परंतु कोरडे’ असा शेरा मारून पुढे जाण्याकडे कल दिसतो. हा शेरा अन्यायाचा आहे, एवढेच नव्हे तर त्यामुळे ह्या ग्रंथाचे मर्मच हातचे निसटते, हे दाखविण्याचा येथे उद्देश आहे.

प्रथम हकीकत थोडक्यात आठवू. धर्मानंदांचा जन्म गोव्यातील साखवाळ गावी १८७६ साली झाला. शिक्षण तुटपुंजे, प्रकृती नाजूक, लहान वयात विवाह आणि घरच्या व्यवहाराचे ओझे, अशी त्यांची प्रथमावस्था होती. मुलांसाठी निघणाऱ्या एका मराठी मासिकात आलेले बुद्धाचे चरित्र त्यांच्या वाचनात आले आणि बुद्धाविषयी विलक्षण ओढ लागली. १८९९ च्या अखेरीस पत्नी व तान्ही मुलगी ह्यांना मागे ठेवून ते निघाले. पुण्यास डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट, मग उज्जैन, इंदूर, ग्वाल्हेर असे मुक्काम करीत काशी, तेथे अन्नछत्रात जेवून संस्कृतचा अभ्यास, पुढे नेपाळ, तेथे पदरी आलेली निराशा, आणि १९०२ साली सिंहलद्वीपात विद्योदय विद्यालयात सुमंगलाचार्यांजवळ दीक्षा व पाली भाषेचे अध्ययन, असा हा प्रवास आहे. नंतर ब्रह्मदेश पाहून १९०६ साली ते कलकत्त्यास पाली शिकवू लागले. १९१० साली अमेरिकेत हार्वर्ड विद्यापीठात ‘विसुद्धिमग्ग’ ह्या ग्रंथाच्या संपादनासाठी ते गेले आणि १९१२ पासून पुण्यास फर्ग्युसन महाविद्यालयात त्यांनी पालीचे अध्यापन केले.

ह्या हकीकतीत पालटाचा क्षण कोठे आहे? वाचक तो घर सोडण्याच्या प्रसंगात शोधतो. परंतु बुद्धाची ओढ लागणे आणि घर सोडणे ह्यांच्या मध्ये काही वर्षांचे अंतर आहे, आणि त्या वर्षांत निश्चय होतो, मोडतो, पुन्हा होतो. घर सोडल्यावरही काही सिद्ध झालेले नसते. पुण्यास बुद्धाचा धर्म शिकविणारा कोणी नाही. काशीस संस्कृत मिळते, धर्म मिळत नाही. नेपाळात धर्म आहे असे वाटते, पण जे दिसते त्याने मन विटते. प्रत्येक मुक्कामावर परत फिरण्यास पुरेसे कारण उपस्थित होते. म्हणजे निश्चय एकदाच झाला आणि बाकीचे आयुष्य त्याच्या बळावर चालले, असे येथे घडत नाही. तो प्रत्येक गावी नव्याने करावा लागतो. कोसंबी हे कोठेही सूत्ररूपाने सांगत नाहीत. हकीकतीच्या क्रमातूनच ते वाचकाच्या ध्यानी येते.

येथे पालीतील एका शब्दाकडे वळणे उपयुक्त होईल. मराठीत ‘भावना’ म्हणजे मनात उठणारा विकार वा तरंग. पालीत ह्याच शब्दाचा अर्थ घडविणे, अस्तित्वात आणणे, वाढविणे असा आहे. मैत्रीची भावना म्हणजे मैत्री मनात आली एवढेच नव्हे. ती पुन्हा पुन्हा मनात आणून रुजविणे, हा त्याचा अर्थ. बौद्ध वाङ्मयात ‘भावने’च्या शेजारी आसेवन आणि बहुलीकरण हे शब्द येतात. सेवन करणे, वाढविणे आणि वारंवार करणे ह्या तीन क्रियांनी एखादी गोष्ट माणसाची होते. आपल्या भाषेत भावना आपोआप येते आणि जाते. त्या भाषेत ती श्रमाने करावी लागते. एकाच शब्दाच्या ह्या दोन अर्थांत पालटाविषयीच्या दोन दृष्टी सामावलेल्या आहेत, आणि ‘निवेदन’ हा मराठीत लिहिलेला, पण दुसऱ्या अर्थाने जगलेला ग्रंथ आहे.

ज्या ‘विसुद्धिमग्गा’वर कोसंबींनी आयुष्याची उमेदीची वर्षे खर्च केली, त्यात बुद्धघोषाचार्यांनी ध्यानाचे चाळीस विषय सांगितले आहेत. त्यांतील एक मातीच्या वर्तुळाचा. साधकाने ते पाहत राहावे. डोळे मिटले तरी उघड्या डोळ्यांनी दिसावे तसे ते दिसू लागेपर्यंत पाहावे. पण आचार्य तेथे थांबत नाहीत. मिळालेले हे चिन्ह गर्भाप्रमाणे जपावे लागते, असे ते सांगतात, आणि ते टिकण्यासाठी सात गोष्टी अनुकूल हव्यात असे म्हणून त्यांची यादी देतात : राहण्याची जागा, भिक्षेचे गाव, बोलणे, सोबतीचा माणूस, अन्न, ऋतू आणि शरीराची ठेवण. मनाच्या अत्युच्च अवस्थेची चर्चा चालू असता आचार्य जेवणखाण आणि हवापाणी ह्यांची विचारपूस करतात, हे प्रथमदर्शनी विचित्र वाटते. वस्तुतः त्यात मोठे शहाणपण आहे. निश्चय डळमळतो तो बहुधा तत्त्वाच्या खंडनाने डळमळत नाही. जागा न मानवल्याने, अन्न न पचल्याने, सोबत वाईट मिळाल्याने डळमळतो.

आता ही सात नावे मनात ठेवून ‘निवेदन’ पुन्हा वाचावे. ज्या भागांना आपण कोरडे म्हणून वगळतो, ते कशाविषयी आहेत? कोठे उतरलो, जेवणाची सोय कशी लागली, कोण भेटले, कोणी मदत केली, हवा कशी होती, प्रकृती कशी राहिली, ह्याविषयी. काशीचे अन्नछत्र ही ह्या ग्रंथात तपशिलाची भर नाही. त्या अन्नावर संस्कृतचे अध्ययन उभे आहे आणि त्या अध्ययनावर पुढील पाली. उपकारकर्त्यांचे उल्लेखही केवळ कृतज्ञतेपोटी आलेले नाहीत. माणसाचा पालट दुसऱ्या माणसांच्या आधाराने तग धरतो, ह्याची ती नोंद आहे. कोरडेपणाचा आरोप ज्या मजकुरावर आहे, तोच ह्या ग्रंथाचा विषय आहे.

पालट खरोखर स्वभाव झाला की नाही, ह्याची परीक्षा बाह्य खूण काढून घेतल्यावर होते. कोसंबींच्या आयुष्यात ही परीक्षा १९०६ साली आली. कलकत्त्यास पालीच्या अध्यापनाचे काम अंगावर घेताना त्यांनी भिक्षूची वस्त्रे उतरविली आणि पुढे ते संसारातही परतले. पालटाची कथा लिहिणाऱ्या सामान्य लेखकाने हा प्रसंग एक तर पराभव म्हणून रंगविला असता किंवा त्याचे लांबलचक समर्थन केले असते. कोसंबी दोन्ही करीत नाहीत. चीवर गेले, पाली राहिली, शिकविणे राहिले, राहणीतला साधेपणा राहिला. पुढे १९०८ च्या सुमारास सयाजीराव गायकवाडांकडून त्यांना दरमहा रु. ५० चे साहाय्य मिळू लागले. महाराष्ट्रात कोठेही राहावे व वर्षाकाठी एक ग्रंथ लिहावा, एवढीच अट. कलकत्त्यास त्यांना ह्याहून कितीतरी अधिक वेतन मिळण्यासारखे होते. आपल्या लोकांत, आपल्या भाषेत बुद्धाचा विचार आणावयाचा, हा मूळ हेतू त्यांनी पत्करला. बडोदे संस्थानाचे हे साहाय्य मराठी वाचकांच्या ऋणाचा भाग आहे, हे येथे सांगितलेच पाहिजे.

एवढे गुणवर्णन केल्यावर एका उणिवेकडे डोळेझाक करणे योग्य होणार नाही. धर्मानंद १८९९ साली निघाले, तेव्हा बाळाबाई मागे राहिल्या. पतीच्या पालटाची किंमत त्यांनी आणि त्यांच्या लहान मुलीने चुकती केली. ‘निवेदन’ हे लपवीत नाही, पण त्या घरात ती वर्षे कशी गेली हे वाचकाला त्यातून कळत नाही. बाळाबाईंचा आवाज ह्या ग्रंथात ऐकू येत नाही. ज्या सात गोष्टींची यादी आपण पाहिली, तीत ‘सोबतीचा माणूस’ आहे. त्या माणसाला आपली सोबत अनुकूल आहे काय, हा प्रश्न त्या यादीत नाही. यादीतील ही उणीव ‘निवेदना’तही उतरली आहे.

ही बाजू मराठीत कोणी भरून काढली असेल तर ती लक्ष्मीबाई टिळकांनी. नारायण वामन टिळकांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला. लक्ष्मीबाईंनी १९०० साली. ‘स्मृतिचित्रे’तील मधल्या पाच वर्षांचा भाग म्हणजे पालटाच्या दुसऱ्या टोकाला उभ्या असलेल्या व्यक्तीने दिलेली साक्ष होय. पतीचा पालट त्यांच्यावर कोसळला. त्यांचा स्वतःचा पालट मात्र विटाळ, पाणी, चूल ह्यांतून इंचाइंचाने घडला. आधी वियोग, मग जवळ राहूनही वेगळी चूल, मग एकेक बंधन गळून पडणे, बाप्तिस्मा त्यानंतर. तेथेही बदलाची जागा स्वयंपाकघर आहे, सभामंडप नव्हे. कोसंबी आणि लक्ष्मीबाई ह्यांच्या लेखनपद्धतीत जमीनअस्मानाचे अंतर आहे. एकाची वाणी मोजकी, दुसरीची हसरी आणि ओघवती. पण नित्याच्या आचरणात मुरल्यावाचून पालट आपला होत नाही, ह्या निष्कर्षावर दोघे स्वतंत्रपणे येतात. दोन्ही ग्रंथ एकत्र वाचल्यावाचून हा विषय पुरा होत नाही.

एक आक्षेप राहतो. पालटाचा स्वभाव झाला म्हणजे माणूस पुन्हा एका साच्यात अडकला, असे तर नव्हे? विशेषतः ज्या दर्शनात स्थिर आत्माच मानलेला नाही, त्याच्या उपासकाने स्थैर्याची हाव का धरावी? ह्याचे उत्तर ‘निवेदना’नंतरच्या कोसंबींच्या चरित्रात मिळते. १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात त्यांनी तुरुंगवास पत्करला. उत्तरायुष्यात पार्श्वनाथाच्या चातुर्याम धर्माने, म्हणजे अहिंसा, सत्य, अस्तेय आणि अपरिग्रह ह्या चार यामांनी, त्यांचे मन वेधले, आणि ४ जून १९४७ रोजी सेवाग्राम येथे अन्नत्याग करून त्यांनी देह ठेवला. ह्या अखेरच्या निर्णयाविषयी मतभेद असू शकतात. पण साखवाळहून निघालेल्या तरुणाचे जिज्ञासूपण एकाहत्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावरही शाबूत होते, हे नाकारता येत नाही. त्यांच्या ठिकाणी जे स्थिर झाले ते मत नव्हते. पटले की तसे वागावयाचे, ही सवय होती.

शेवटी अध्यापकांसाठी एक सूचना. पाठ्यपुस्तकासाठी आत्मचरित्रातील उतारा निवडताना आपण गृहत्यागाचा, दीक्षेचा किंवा साक्षात्काराचा प्रसंग उचलतो. विद्यार्थ्याच्या मनावर त्यातून असे बिंबते की थोर माणसे एका रात्रीत बदलतात. आणि स्वतःचा पहिला निश्चय नऊ दिवसांत मोडला की तो समजतो, आपण त्या जातीचे नव्हे. त्याला काशीच्या अन्नछत्राचे पान वाचावयास द्यावे. लक्ष्मीबाईंच्या वेगळ्या चुलीचे पान द्यावे. नऊ दिवस संपल्यावर दहाव्या दिवशी काय केले, हे त्या पानांत आहे. आणि त्याला नेमकी गरज आहे ती ह्या दहाव्या दिवसाच्या हकीकतीची.