ओसरी ते सदनिका : समकालीन गृहरचनेतील ‘मधल्या जागे’ची चिकित्सा

प्रस्तावना

अन्न, वस्त्र आणि निवारा या मानवाच्या मूलभूत गरजा मानल्या जातात. त्यांपैकी निवाऱ्याची गरज केवळ भिंती आणि छप्पर यांनी भागत नाही. घराच्या रचनेत कुटुंबातील नातेसंबंध, स्त्रीचे स्थान, शेजारधर्म आणि आर्थिक ऐपत यांचे प्रतिबिंब पडलेले असते. म्हणूनच बदलत्या गृहरचनेचा अभ्यास हा समाजाचाही अभ्यास ठरतो.

खुले स्वयंपाकघर, मॉड्युलर मांडणी, कुंपणबंद गृहसंकुल, ‘वास्तुनुसार’ आखणी आणि २०२० नंतर घरातच कामाची जागा, हे आजच्या नागरी गृहरचनेतील ठळक प्रवाह आहेत. या सर्व प्रवाहांचे समर्थन बहुधा ‘ग्राहकांची पसंती’ या एका शब्दप्रयोगाने केले जाते. परंतु जे निवडले गेले ते आवडले म्हणून, की निवडण्यासाठी तेवढेच उरले होते म्हणून, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. प्रस्तुत लेखात मुंबई व पुणे येथील निवासरचनेच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे. घर आणि रस्ता यांच्या दरम्यानची ‘मधली जागा’ हा या विवेचनाचा केंद्रबिंदू आहे.

मोजणीची एकके

समाज घर कोणत्या एककात मोजतो, यावरून तो घरात काय शोधतो हे कळते. वाड्याचे माप ‘खण’ हे होते. दोन खांबांमधील अंतर म्हणजे एक खण. खोली किती खणांची आणि वाडा किती चौकांचा, यावरून त्याचा आवाका सांगितला जाई. येथे मोकळा चौकही मोजणीत होता, हे लक्षात घेण्यासारखे आहे. चाळीत ‘बिऱ्हाड’ हे एकक आले. त्यात भिंतींपेक्षा माणसांची गणना होती. आज ‘बीएचके’ हे एकक रूढ आहे. शयनगृह, बैठकीची खोली आणि स्वयंपाकघर यांची ती आद्याक्षरे. यात केवळ बंदिस्त खोल्यांनाच अक्षर मिळाले आहे. ओसरी, सोपा, पडवी, अंगण, परसदार यांना या मोजणीत अक्षर नाही.

‘ओटा’ या शब्दाचा प्रवासही उद्बोधक आहे. घरापुढील उंच बांधीव बैठक म्हणजे ओटा. तेथे घरातील माणूस आणि वाटसरू यांची भेट होत असे. सदनिकेत हा शब्द स्वयंपाकघरातील कडप्प्याच्या वा ग्रॅनाइटच्या फळीला चिकटला. शब्द टिकला, मात्र त्याने दर्शविलेली भेटीची जागा गेली.

मधल्या जागेचे दुहेरी रूप

कोकणातील घरात अंगण, पडवी, ओटी, माजघर आणि मागील दार असा क्रम असतो. बाहेरचा माणूस पायरीपायरीने आत येतो आणि घरातील माणूस पायरीपायरीने बाहेर जातो. पुण्याच्या वाड्यात दिंडी दरवाजा, देवडी, चौक आणि ओसरी यांनी हेच कार्य केले. धान्य वाळविणे, मुलांचा अभ्यास, वृद्धांची दुपार, शेजारणींचे निवडण-टिपण ही सारी कामे या जागेत होत. चाळीतील सामाईक गॅलरी हे त्याच जागेचे आकसलेले रूप होय. पु. ल. देशपांडे यांच्या ‘बटाट्याची चाळ’ (१९५८) मधील विनोद प्रामुख्याने या सामाईकपणातून निर्माण होतो. त्यातील शेवटच्या ‘चिंतना’त जी हुरहुर आहे, ती खोल्यांसाठी नसून त्या सामाईकपणासाठी आहे.

तथापि या जागेचे गौरवीकरण करून थांबणे हे एकांगी ठरेल. कोणी ओसरीपर्यंत यावे आणि कोणी अंगणातच थांबावे, हे जातीने ठरत असे. माजघराच्या उंबरठ्याने स्त्रीच्या वावराची सीमा आखली होती. महेश एलकुंचवार यांच्या ‘वाडा चिरेबंदी’ (रंगमंचावर १९८५) या नाटकातील वाडा कुटुंबाला सांभाळता येत नाही आणि सोडवतही नाही. शिक्षणाची इच्छा मारली गेलेली प्रभा त्याच भिंतींच्या आत झिजत राहते. चाळीतील सामाईक शौचालय, पाण्यासाठीची रांग आणि एका खोलीतील नवविवाहितांची कुचंबणा या गोष्टीही स्मरणरंजनाच्या ओघात विसरता येत नाहीत. स्वतंत्र शौचालय, घरातील नळ, उभ्याने स्वयंपाकाची सोय आणि आतून लावता येणारे दार या चार गोष्टी सदनिकेने दिल्या. त्या अनेकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या दृष्टीने मुक्तीच होत्या. म्हणून सदनिकेच्या वाढीमागे केवळ अनुकरण होते, असे म्हणणे अन्यायाचे होईल.

नियमांनी घडविलेली आवड

पुण्यातील वाडे केवळ अभिरुची बदलल्यामुळे गेले नाहीत. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात नदीकाठच्या पेठांतील असंख्य वाडे कोसळले आणि वस्ती नव्या उपनगरांकडे सरकली. दुसरीकडे, १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने भाडेकरूला संरक्षण दिले. पण गोठलेल्या भाड्यात जुन्या इमारतीची डागडुजी मालकाला परवडेना. आपत्ती आणि कायदा यांनी जे केले, त्याचे श्रेय वा अपश्रेय पुढे ‘बदलत्या आवडी’च्या नावे जमा झाले.

बाल्कनीचा इतिहास याहून बोलका आहे. मुंबईच्या १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ठरावीक मर्यादेपर्यंतची बाल्कनी एफएसआयमध्ये धरली जात नसे. शिवाय शुल्क भरून ती बंदिस्त करता येत असे. परिणामी बाल्कनी बांधली गेली ती खोलीत सामावून घेण्यासाठीच. जानेवारी २०१२ मधील दुरुस्तीने बाल्कनी, फ्लॉवर बेड यांसारखी क्षेत्रे एफएसआयमध्ये मोजली जाऊ लागली आणि त्याची भरपाई म्हणून निवासी बांधकामास ३५ टक्के ‘फंजिबल’ एफएसआय उपलब्ध झाला. हे वाढीव क्षेत्र कोठेही वापरण्याची मुभा असल्यामुळे ते बाल्कनीऐवजी खोलीत वापरणे विक्रीच्या दृष्टीने सोयीचे ठरले. पुढे २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने कार्पेट क्षेत्राची व्याख्या निश्चित केली. ग्राहकहिताच्या दृष्टीने हे पाऊल स्वागतार्हच होते. मात्र त्या व्याख्येत खासगी बाल्कनी व खुली गच्ची अंतर्भूत नाहीत. साहजिकच ग्राहक ज्या आकड्यावरून दोन घरांची तुलना करतो, त्या आकड्यात मधल्या जागेला स्थान उरले नाही.

२०२० च्या टाळेबंदीत बाल्कनीचे महत्त्व एकाएकी उमगले, असे म्हटले जाते आणि ते खोटे नाही. परंतु त्यानंतरच्या घरखरेदीतील उसळी ही निव्वळ पसंतीची साक्ष मानता येत नाही. राज्य शासनाने १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० या काळात मुंबईतील मुद्रांक शुल्क ५ टक्क्यांवरून २ टक्क्यांवर आणले होते, हेही त्या उसळीमागील एक प्रमुख कारण होते.

‘वास्तुनुसार’ रचनेच्या आग्रहातही अशीच विसंगती आहे. परंपरेने वास्तुविचार जमिनीवरील स्वतंत्र घराचा आणि त्याच्या मोकळ्या मध्यस्थानाचा होता. एका मजल्यावर चार दिशांना तोंड केलेल्या चार सदनिकांना एकच दिशानियम लावता येत नाही. चौक नाहीसा करून दिशा तेवढी राखणे म्हणजे आशय टाकून संकेत जपणे होय.

खुल्या स्वयंपाकघराचा प्रश्न

खुले स्वयंपाकघर हा सध्याचा सर्वांत लोकप्रिय प्रवाह. स्वयंपाक करणारी स्त्री एकटी पडू नये, तिला कुटुंबाच्या संवादात सहभागी होता यावे, असे त्याचे समर्थन केले जाते. हा हेतू प्रशंसनीय आहे. मात्र भिंत पाडल्याने श्रमांची वाटणी होत नाही. पूर्वी भिंतीआड होणारे काम आता पाहुण्यांसमक्ष होते, एवढाच फरक अनेक घरांत पडतो. शिवाय ओटा सतत आवरलेला दिसला पाहिजे, हे नवे काम त्याच स्त्रीच्या वाट्याला येते.

छोट्या सदनिकेत या रचनेचे कारण अभिरुचीपेक्षा गणितात सापडते. कार्पेट क्षेत्रात अंतर्गत भिंतींखालील जागाही धरली जाते. त्यामुळे भिंत वगळली की कागदावरचा आकडा तोच राहून वापराची जागा किंचित वाढते. ज्या घरात बैठकीची खोली रात्री शयनगृह होते, तेथे फोडणीचा ठसका, मिक्सरचा आवाज आणि पहाटेच्या डब्याचा दिवा यांपासून आडोसा उरत नाही. याच घरांत भांडी घासण्यासाठी व कपडे धुण्यासाठी ‘ड्राय बाल्कनी’ मागितली जाते, ही बाब अर्थपूर्ण आहे. परसदाराची गरज संपलेली नाही. ते हातभर रुंदीचे होऊन परत आले आहे.

पर्यायांचा शोध

मधली जागा आधुनिक रचनेत अशक्य आहे काय? वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांच्या दोन कृती याचे नकारार्थी उत्तर देतात. मुंबईतील ‘कांचनजंगा’ (१९८३) या बहुमजली इमारतीत त्यांनी दुहेरी उंचीच्या कोपऱ्यातील गच्च्यांद्वारे पडवीच उंचावर नेली. अर्थात ती धनिकांसाठी. बेलापूर येथील सिडकोच्या गृहप्रकल्पात मात्र त्यांनी साधारण सात घरे एका लहान चौकाभोवती मांडली आणि शेजाऱ्यांच्या भिंती सामाईक न ठेवता प्रत्येक घराला वाढण्याची मुभा दिली. पुढे तेथील अनेक मूळ घरांच्या जागी मोठी पक्की घरे उभी राहिली. या अनुभवातून एक सूत्र हाती लागते. खासगी बाल्कनी एकट्या कुटुंबाच्या निर्णयाने खोलीत जिरते. सामाईक चौक कोणा एकाला गिळता येत नाही. मधली जागा टिकवायची असेल, तर तिची मालकी सामाईक असावी लागते.

पुनर्विकास : आजची कसोटी

हे विवेचन केवळ तात्त्विक नाही. १९२० च्या दशकात उभारलेल्या मुंबईच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास सध्या सुरू आहे. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी मिळून अशा २०७ इमारती. तेथील १६० चौरस फुटांच्या खोलीत पिढ्या गेल्या. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतील ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या नव्या घरांच्या किल्ल्या देण्यात आल्या. तिपटीहून मोठे घर आणि स्वतःचे शौचालय ही दीर्घकाळ थकलेल्या न्यायाची परतफेड आहे. तिला कमी लेखणे सुखवस्तूंनाच शक्य होईल.

परंतु १६० चौरस फुटांचा हिशेब अपुरा होता. मजल्यावरील लांब मार्गिका, जिना आणि पुढचे पटांगण हा त्या घराचाच विस्तार होता. आजारी म्हाताऱ्याकडे लक्ष ठेवणे, कामावर गेलेल्या आईच्या मुलाला जेवू घालणे, मयत वा लग्न एकत्र निभावणे ही कामे त्या विस्ताराने विनामूल्य केली. चाळिसाव्या मजल्यावरील उद्वाहनासमोरच्या चौकोनात ती आपोआप होणार नाहीत. जे काम शेजार करीत होता, त्यासाठी पाळणाघर, परिचारिका आणि देखभाल शुल्क असा खर्च उभा राहील आणि तो सर्वांना पेलेल असे नाही. पुनर्विकासात खोलीच्या बदल्यात खोली मिळते; मार्गिकेच्या बदल्यात काहीच मिळत नाही, कारण ती कोणाच्याही नावावर नव्हती.

समारोप

समकालीन गृहरचनेतील प्रवाह हे केवळ अभिरुचीचे प्रवाह नसून एफएसआय, कार्पेट क्षेत्र, कर आणि किंमत यांनी आखलेल्या पात्रातून ते वाहतात. जुन्या मधल्या जागेत जातीची व लिंगभेदाची उतरंड होती. ती परत आणणे इष्ट नाही. मात्र उतरंड नाकारताना भेटीची जागाच नाकारली गेली, ही या स्थित्यंतरातील खरी हानी होय. त्यावर उपाय स्मरणरंजनाचा नसून नियमांचा आहे. प्रत्येक मजल्यावर हवेशीर, बसण्याजोगी, विकता वा बंदिस्त करता न येणारी सामाईक ओसरी असावी आणि तिचे क्षेत्र एफएसआयमधून वगळावे, एवढी तरतूद झाली तरी बरेच साधेल. तशी ओसरी उपलब्ध झाल्यावर लोक काय निवडतात, हे पाहिल्यानंतरच त्यांच्या ‘पसंती’विषयी अधिकाराने बोलता येईल.