परभूमींतील नित्यनेम

कलावंत म्हटला कीं तो लहरी असावयाचाच, अशी समजूत आपल्या समाजांत फार रुजलेली आहे. स्फूर्ति आली म्हणजे त्यानें रात्र रात्र जागून लिहावें, ती गेली म्हणजे महिनेच्या महिने लेखणीला शिवूं नये, त्याच्या खाण्यापिण्याला व निजण्याउठण्याला कांहीं धरबंध नसावा, आणि घरच्या माणसांनीं हें सर्व कौतुकानें सोसावें, असें त्याचें चित्र आपण मनाशीं बाळगतों. त्यांतून तो देशोधडीला लागलेला असला तर विचारावयासच नको! मुळांसकट उपटलेलें झाड परक्या मातींत जगावें कसें, असें आपण लागलीच हळहळूं लागतों. जर्मन कादंबरीकार थॉमस मान यांचा अमेरिकेंतील दिनक्रम या दोन्ही समजुतींना छेद देणारा आहे. हा दिनक्रम म्हणजे चरित्रांतील एखादी गमतीची बाब, एवढेंच त्याचें महत्त्व नाहीं. मान यांच्या ‘डॉक्टर फाउस्टस’ या कादंबरीच्या गाभ्याशीं त्याचा निकट संबंध आहे, असें आम्हांस वाटतें. तो संबंध कोणता, आणि या नित्यनेमाची किंमत कोणी मोजली, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मान यांचा जन्म १८७५ सालीं ल्युबेक शहरांतील एका धनिक व्यापारी घराण्यांत झाला. १९२९ सालीं त्यांना साहित्याचें नोबेल पारितोषिक मिळालें. १९३३ च्या फेब्रुवारींत ते व्याख्यानांच्या निमित्तानें म्यूनिकहून परदेशीं गेले. त्यावेळीं हिटलरला अधिकारावर येऊन पुरते दोन आठवडेहि झाले नव्हते. परत येणें धोक्याचें आहे, असें मुलांनीं घरून सुचविलें, आणि थोड्या दिवसांचा प्रवास वनवासांत बदलला. फ्रान्समध्यें कांहीं महिने, मग झुरिकजवळ पांच वर्षें, १९३८ सालीं अमेरिकेंतील प्रिन्स्टन, आणि १९४१ पासून कॅलिफोर्नियांत लॉस एंजल्सजवळील पॅसिफिक पॅलिसेड्स, असा त्यांचा मार्ग होता. मध्यंतरीं, १९३६ सालीं, त्यांचें जर्मन नागरिकत्व काढून घेण्यांत आलें. १९४४ सालीं ते अमेरिकेचे नागरिक झाले. या सर्व फिरतींत एका वस्तूनें त्यांची साथ सोडली नाहीं. ती वस्तु म्हणजे त्यांचें लिहिण्याचें टेबल. म्यूनिकच्या घरांतील जें सामान देशाबाहेर काढतां आलें, त्यांत तें होतें. तें स्वित्झर्लंडमध्यें आलें, तेथून समुद्रापार प्रिन्स्टनला गेलें, आणि अखेर पॅसिफिकच्या किनाऱ्यावरील घरांत जाऊन बसलें.

त्या टेबलाशीं त्यांचा दिवस कसा जाई, हें आज बरेंच तपशीलवार ठाऊक आहे. मृत्यूनंतर वीस वर्षेंपर्यंत मोहोरबंद ठेवलेल्या त्यांच्या रोजनिशा १९७५ सालीं उघडण्यांत आल्या. त्यांच्या पत्नी कात्या मान यांच्या आठवणीहि प्रसिद्ध झालेल्या आहेत. सकाळीं आठच्या सुमारास उठणें, पत्नीबरोबर न्याहारी, आणि नऊच्या ठोक्याला खोलीचें दार बंद. तें दुपारीं बारापर्यंत उघडावयाचें नाहीं. मुलें, पाहुणे, टेलिफोन, कोणालाहि आंत वाव नाहीं. एखाद्या कर्मठ गृहस्थानें सोवळें नेसून देवघरांत बसावें, तसा हा प्रकार होता. या तीन तासांत हातानें लिहिलेलें एक-दीड पान पदरांत पडलें कीं दिवस सार्थकीं लागला. त्यानंतर फिरावयास जाणें. बरोबर निको नांवाचा पूडल जातीचा कुत्रा. मग जेवण, चिरूट, वर्तमानपत्रें, तासाभराची वामकुक्षी, चहा आणि पत्रव्यवहार. रात्रीं पाहुणे, वाचन किंवा ग्रामोफोनच्या तबकड्यांवरील संगीत, आणि शेवटीं रोजनिशींत चार ओळींचें टिपण. हाच क्रम थोड्याफार फरकानें म्यूनिकमध्यें होता. देश बदलला, हवा बदलली, शेजारपाजारची भाषा बदलली. घड्याळ तेवढें बदललें नाहीं.

या एक-दीड पानाच्या बेतानें काय साधलें, हें पाहण्यासारखें आहे. बायबलांतील योसेफाच्या कथेवरील त्यांच्या चार भागांच्या कादंबरीचा पहिला भाग १९३३ सालीं बर्लिनमध्यें छापला गेला. चौथा भाग १९४३ च्या जानेवारींत कॅलिफोर्नियांत लिहून पुरा झाला. प्रिन्स्टनच्या मुक्कामांत तर त्यांनीं आपल्या वेताळपंचविशींतील, शिरांची अदलाबदल झालेल्या दोन मित्रांची गोष्ट घेऊन १९४० सालीं एक लघुकादंबरी लिहिली. भारतविद्येचे पंडित हाइन्रिख त्सिमर यांच्या लेखनांतून ती गोष्ट त्यांच्या हातीं आली होती. मराठी रंगभूमीला परिचित असलेलें गिरीश कार्नाड यांचें ‘हयवदन’ हें नाटक मान यांच्या याच कृतीवर आधारलेलें आहे. संस्कृतांतून जर्मनींत, जर्मनींतून कन्नडांत आणि तेथून मराठींत असा त्या कथेचा प्रवास झाला, आणि त्यांतील एक टप्पा एका निर्वासिताच्या टेबलावर पडला, हें आपल्या वाचकांस मौजेचें वाटेल.

परंतु या नित्यनेमाचें खरें फळ म्हणजे ‘डॉक्टर फाउस्टस’. मान यांनीं ती कादंबरी १९४३ च्या मे महिन्यांत आरंभिली व १९४७ च्या जानेवारींत संपविली. मध्यें १९४६ सालीं फुप्फुसाची मोठी शस्त्रक्रिया झाली; प्रकृति सुधारतांच काम पुढें चालू झालें. कथा आद्रियान लेव्हरक्यून या संगीतकाराची आहे. तो सैतानाशीं करार करतो. चोवीस वर्षें अलौकिक सर्जनशक्ति मिळावी, आणि त्या बदल्यांत त्यानें कोणावरहि प्रेम करूं नये, असा तो सौदा. ही कथा सांगतो त्याचा बालमित्र सेरेनस त्साइटब्लोम, प्राचीन भाषा शिकविणारा एक सालस, किंचित् कंटाळवाणा शिक्षक. नोकरी सोडून घरीं बसलेला हा गृहस्थ फ्रायझिंग गांवीं आपल्या खोलींत बसून मित्राचें चरित्र लिहितो. त्याच्या लिहिण्याचा आरंभहि १९४३ च्या मे महिन्यांतच होतो. लिहितां लिहितां तो बाहेर काय चाललें आहे हेंहि नोंदवीत जातो: शहरांवर बाँब पडत आहेत, आघाड्या कोसळत आहेत, हात कांपतो आहे, तरी प्रकरणामागून प्रकरण पुढें सरकतें.

येथें मर्माची गोष्ट अशी कीं, या कादंबरींतील सैतान सुवर्ण किंवा राज्य विकीत नाहीं; तो काळ विकतो. धुंदीचा, उन्मादाचा, शंकेला जागाच न ठेवणारा असा स्फूर्तीचा काळ. आरंभीं सांगितलेली लहरी प्रतिभावंताची जी कल्पना आपणांस इतकी मोहक वाटते, तिलाच मान यांनीं सैतानाच्या तोंडी घातलें आहे. एका सबंध राष्ट्रानें धुंदीला स्फूर्ति मानलें व तिच्यासाठीं आपला विवेक गहाण टाकला, हें ज्यानें डोळ्यांनीं पाहिलें, त्याला रोजच्या तीन तासांची शुद्ध अधिक विश्वासाची वाटली तर नवल नाहीं. या दृष्टीनें नऊ ते बाराचा तो नेम निव्वळ सवयीचा राहत नाहीं. ती एका बाजूची निवड ठरते. लेव्हरक्यून आणि त्साइटब्लोम या दोहोंमध्यें मान यांची लेखणी मित्राचें वैभव वर्णिते; पण तिची चाल शिक्षकाची आहे.

या नेमावर आक्षेप आले नाहींत असें नाहीं. युद्ध संपतांच, १९४५ सालीं, वाल्टर फॉन मोलो या लेखकानें खुल्या पत्रानें मान यांस परत येण्याची विनंति केली. पाठोपाठ फ्रांक थीस यांनीं, जे देशांत राहिले त्यांनीं यातना भोगल्या व जे गेले त्यांनीं परदेशांतील सुखासनांवरून नाटक पाहिलें, असा सूर काढला. लिंबा-संत्र्यांच्या प्रदेशांत, समुद्रकांठच्या घरांत वामकुक्षी करणाऱ्या माणसाला हा टोमणा झोंबणारा होता. परंतु तो अर्धाच खरा आहे. ऑक्टोबर १९४० पासून युद्ध संपेपर्यंत मान यांनीं ब्रिटिश नभोवाणीच्या मार्फत जर्मन श्रोत्यांसाठीं पन्नासांहून अधिक भाषणें केलीं. ज्यूंच्या कत्तलीची वार्ता त्यांनीं त्या भाषणांतून आपल्या देशबांधवांना युद्ध चालू असतांनाच सांगितली. आणि १९४५ च्या मे महिन्यांत वॉशिंग्टन येथें बोलतांना, चांगली जर्मनी एक आणि वाईट जर्मनी दुसरी असा भेद करून स्वतःस चांगलींत बसविण्याचें त्यांनीं साफ नाकारलें. जें बिघडलें तें आपल्याहि अंतरांत आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. प्रेक्षकाच्या खुर्चीवर बसलेला मनुष्य असें बोलत नाहीं.

खरा प्रश्न निराळाच आहे. दार बंद करून बसणाऱ्या माणसासाठीं दाराबाहेर कोण उभें होतें? मोटार चालविणें, हिशेब पाहणें, प्रकाशकांशीं वाटाघाटी, पाहुण्यांची सरबराई, सहा मुलांच्या चिंता, हें सर्व कात्याबाईंनीं पाहिलें. त्यांनीं आपल्या आठवणींच्या ग्रंथाचें नांवच ‘माझ्या न लिहिलेल्या आठवणी’ असें ठेवलें, यांत पुष्कळ अर्थ भरलेला आहे. कन्या एरिका हिनें ‘फाउस्टस’च्या हस्तलिखितांतील लांबण कापण्यास मदत केली. शिवाय इंग्रजी भाषांतरांचें उत्पन्न होतें आणि श्रीमंत हितचिंतकांचा आधार होता. त्याच शहरांत मान यांचे वडील बंधु हाइन्रिख हेहि राहत होते. तेहि मोठे कादंबरीकार. ‘ब्लू एंजल’ हा गाजलेला बोलपट त्यांच्याच कादंबरीवरून निघालेला. चित्रपट कंपनीचा एक वर्षाचा करार संपल्यावर त्यांच्यामागें पोटाची विवंचना लागली. धाकट्या भावाच्या मदतीवर दिवस काढावे लागले, १९४४ सालीं पत्नीनें आत्महत्या केली, आणि १९५० सालीं सान्ता मोनिका येथें ते वारले. संगीतकार आर्नोल्ड शोनबर्ग यांची गोष्ट अशीच. सत्तराव्या वर्षीं विद्यापीठांतून निवृत्त झाल्यावर, अपुरी राहिलेली संगीतिका पुरी करण्यासाठीं त्यांनीं १९४५ सालीं गुगेनहाइम वृत्तीकरितां अर्ज केला. तो नाकारला गेला. संगीतिका अपुरीच राहिली. लेव्हरक्यूनच्या स्वररचनेची पद्धति मुळांत याच शोनबर्गांची होती! त्यावरून वाद होऊन पुढील आवृत्त्यांत मान यांस तसा खुलासा जोडावा लागला. म्हणून नित्यनेम हा केवळ मनोनिग्रहाचा गुण आहे, आणि ज्यांना तो साधला नाहीं ते दुबळे होते, असा निष्कर्ष काढणें अन्यायाचें होईल. नेम पाळण्यासही बंद करतां येईल असें एक दार लागतें, आणि तें सर्वांच्या नशिबीं नसतें.

कादंबरी म्हणून पाहतां ‘डॉक्टर फाउस्टस’मध्यें दोष आहेत, आणि ते बहुतांशीं या नेमाचेच दोष आहेत. रोजचें पान रोज भरलेंच पाहिजे, या शिस्तीमुळें कित्येक प्रकरणांत व्याख्यानाचा विस्तार झालेला आहे. संगीतशास्त्राची चर्चा, जींत तत्त्वज्ञ अडोर्नो यांचें साहाय्य होतें, सामान्य वाचकाच्या धीराची परीक्षा पाहते. उलट, जेथें कादंबरी मनाला चटका लावते, तेथें, म्हणजे सैतानाशीं झालेल्या संभाषणांत किंवा लेव्हरक्यूनच्या लाडक्या भाच्याच्या मृत्यूंत, ती शिक्षकाच्या मोजक्या पावलांना मागें टाकून धांवूं लागते. याचा अर्थ मान यांस स्फूर्ति ठाऊक नव्हती असा नाहीं. तिला तीन तासांहून अधिक वेळ घरांत ठेवून घ्यावयाचें नाहीं, एवढाच त्यांचा निश्चय होता. त्या निश्चयानें ग्रंथ कांहीं ठिकाणीं जड झाला. पण त्याच निश्चयानें तो पुराहि झाला.

१९५२ सालीं, अमेरिकेंतील संशयाच्या वातावरणाला कंटाळून, मान स्वित्झर्लंडला परतले. टेबलहि परत गेलें. आतां तें झुरिकच्या संग्रहांत आहे. कॅलिफोर्नियांतील घर २०१६ सालीं जर्मन सरकारनें विकत घेतलें. १९५५ सालीं मान यांचा झुरिक येथें अंत झाला, तोंपर्यंत सकाळचे तीन तास चालू होते. परभूमींत गेलेल्या माणसाला आपली भूमि बरोबर नेतां येत नाहीं. भाषा मात्र नेतां येते, आणि ती रोज वापरली नाहीं तर गंजते. मान यांचा नेम म्हणजे ती भाषा रोज सकाळीं घासूनपुसून लख्ख ठेवण्याचा उद्योग होता. आपल्या घरांतूनहि आज अनेक मुलें-मुली दूरदेशीं स्थायिक होत आहेत. त्यांच्यापैकीं ज्यांना कांहीं लिहावयाचें, गावयाचें वा रंगवावयाचें असेल, त्यांनीं मान यांच्या प्रतिभेचा हेवा करण्यापेक्षां त्यांच्या घड्याळाकडे पाहावें. आणि जे त्यांच्या शेजारीं राहणार आहेत, त्यांनीं दाराबाहेरच्या कात्याबाईंसहि विसरूं नये.