विनामूल्य वर्गाचा उंबरठा

गरीब मुलांना अभिजात संगीत विनामूल्य शिकवावे, या विचाराला सहसा कोणी विरोध करीत नाही. त्यामुळेच जेफ्री बेकर यांच्या ‘एल सिस्तेमा : ऑर्केस्ट्रेटिंग व्हेनेझुएलाज् यूथ’ (२०१४) या ग्रंथाने पाश्चात्त्य संगीतविश्वात मोठी खळबळ उडवली. अर्थशास्त्रज्ञ आणि संगीतकार होसे आंतोनिओ आब्रेऊ यांनी १९७५ साली काराकास येथे मूठभर वादकांना घेऊन वाद्यवृंद उभारला. पुढे त्याचेच सरकारी पैशावर चालणारे देशव्यापी जाळे झाले. गुस्ताव्हो दुदामेल यांच्यासारखे वाद्यवृंदसंचालक त्यातून घडले आणि देशोदेशी त्याचे अनुकरण सुरू झाले. आपल्या पणजीतही वंचित मुलांना पाश्चात्त्य अभिजात संगीत शिकवण्यासाठी २००९ साली ‘चाइल्ड्स प्ले इंडिया फाउंडेशन’ स्थापन झाले.

बेकर यांचे मूळ अभ्यासक्षेत्र पेरूमधील कुझ्को या वसाहतकालीन नगराचे चर्चसंगीत. सुरांच्या मिषाने माणसे शिस्तीत कशी आणली जातात, हे त्यांनी तेथे पाहिलेले. त्याच दृष्टीने ते व्हेनेझुएलाकडे पाहतात. वाद्यवृंद म्हणजे आदर्श समाज, हे आब्रेऊ यांचे आवडते रूपक. बेकर विचारतात, ज्या समाजात एक आज्ञा करतो आणि शंभर पाळतात, तो आदर्श कसा? प्रश्न बिनतोड आहे. पण त्याच्या भरात लेखकाला मुलांचा वाजवण्यातला आनंद पुरेसा ऐकू येत नाही, असे मला वाटते. गुरूपुढे वर्षानुवर्षे एकच पलटा घोटणाऱ्या आपल्या परंपरेला आज्ञापालन नवे नाही. त्यातून दबलेली माणसे निघाली, तशीच अतिशय स्वतंत्र बुद्धीचीही निघाली.

त्यांचा दुसरा आक्षेप मात्र अधिक मर्मभेदी आहे : या वर्गांत खरोखर गरीब मुले किती? ग्रंथानंतर तीन वर्षांनी, २०१७ मध्ये, आंतर-अमेरिकन विकास बँकेच्या अभ्यासकांनी २,९१४ मुलांची पाहणी प्रसिद्ध केली. सहभागी मुलांत गरिबीचे प्रमाण १६.७ टक्के, तर ती ज्या प्रांतांत राहत तेथे ४६.५ टक्के! वर्षभराच्या शिक्षणाने आत्मसंयमात थोडी वाढ दिसली. बुद्धिविषयक कौशल्यांत एकूण फरक आढळला नाही. अधिक गुण आला तो कमी शिकलेल्या आयांच्या आणि हिंसा जवळून पाहिलेल्या मुलग्यांना. म्हणजे ज्यांना औषध लागू पडत होते, त्यांच्यापर्यंतच ते कमी पोहोचत होते. दार उघडे होते, शुल्क नव्हते, तरीही.

गोमंतकीय वाचकाला येथे चर्चच्या शाळा आठवल्यावाचून राहणार नाहीत. वाचन, स्वरलेखन आणि व्हायोलिन तेथे शुल्क न घेता शिकवले जाई. धर्मप्रसाराचाच तो भाग होता, आणि हिंदू मुलाला तेथे जागा नव्हती, हे खरे. पण शाळा गावातच होती, आणि लिपी वाचून वाजवण्याची ती विद्या पुढे पोट भरीत असे. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, सेबास्तियन डिसोझा अशा गोमंतकीयांनी मुंबईच्या चित्रपटसंगीताचा वाद्यवृंद घडवला. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोन्साल्विस यांच्याकडेच. शाळा कोठे आहे आणि शिकून पुढे काय, या दोन गोष्टी बेकर यांच्या विवेचनात मागे पडतात.

मी हे अंतराने, पुस्तकातून वाचून लिहीत नाही. एका मंडळाच्या विनामूल्य गायनवर्गाची हजेरी मी काही वर्षे लिहिली. वहीतली आडनावे पाहिली की आपल्याच आळीचा जमाखर्च वाचावा तसे वाटे. एकदा मच्छीमारांच्या वाड्यावरून दोघी बहिणी आल्या. धाकटीचा षड्ज असा लागे की पेटीवरचे बोट आपोआप थांबे. पावसाळ्यात त्या दिसेनाशा झाल्या. चौकशी केली तेव्हा कळले, वर्ग सुटायच्या आधीच त्यांची शेवटची बस जाई; शिवाय घरी रियाजाला पेटी नव्हती, त्यामुळे पुढच्या पाठाला त्या मागे पडत आणि लाजत. वर्ग त्यांच्या वाड्यावरील प्राथमिक शाळेत न्यावा, असे मी सभेत सुचवले. तबल्याची जोडी तेथे सुरक्षित राहणार नाही, या कारणास्तव सूचना फेटाळली गेली. वार्षिक अहवालात मात्र ‘सर्वांसाठी विनामूल्य’ हे शब्द तसेच छापले गेले. ते मुद्रणप्रतीत मीच लिहिले होते.