खोली मोजायची कशाने? हळदणकरांच्या एका चित्राचे वाचन

अभियांत्रिकी रेखांकनाच्या तासाला आपण यथार्थदर्शन शिकतो. क्षितिजरेषा आखायची, विलोपन बिंदू ठरवायचा आणि रेषा तिकडे न्यायच्या. यातून अनेकांचा एक समज होतो, की सपाट कागदावर खोली फक्त याच मार्गाने येते. तो तपासण्यासाठी सावंतवाडीचे चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर (१८८२–१९६८) यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र पाहा. मूळ चित्र म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे.

हातात दिवा घेऊन उभी असलेली स्त्री. दुसरा हात ज्योतीच्या आड. मागे अंधार. विलोपन बिंदूकडे जाणारी फरशी नाही, खांबांची रांग नाही. तरीही हात पुढे, चेहरा त्यामागे आणि अंधार त्याहून मागे, हे क्षणात कळते. कसे?

पहिले कारण झाकणे. आडवा हात ज्योतीपुढे येतो, म्हणून तो आपल्याला जवळचा वाटतो. दुसरे कारण प्रकाशाचा ऱ्हास. लहान ज्योतीपासूनचे अंतर दुप्पट झाले, तर पृष्ठभागावरचा प्रकाश चौथा हिस्सा उरतो. समजा, तळवा ज्योतीपासून १५ सेंटिमीटरवर आणि चेहरा ४५ सेंटिमीटरवर आहे. तर चेहऱ्याला तळव्याच्या साधारण नववा हिस्सा प्रकाश मिळेल. चित्रकाराने हे गणित केले असेल असे नाही. त्याने ते पाहिले. बोटांतून झिरपणारा तांबूस उजेड, चेहऱ्यावरचा मऊ उजेड आणि साडीवर विरत जाणारी छटा, या पायऱ्यांनीच अंतर मोजले जाते.

भिलाईत राहणाऱ्यांना हे नवे नाही. भट्टीच्या तोंडाशी उभ्या कामगाराचा चेहरा तापलेल्या लोखंडासारखा उजळतो. चार पावले मागचा माणूस केवळ आकृती उरतो.

जलरंगात हे अधिक अवघड. तिथे उजेड म्हणजे मुख्यतः कागदाचाच पांढरेपणा; तो आधीपासून राखावा लागतो. गडद थर एकदा बसला की मागे फिरणे कठीण.

या चित्राला मर्यादाही आहे. त्याची खोली हातभर अंतराची आहे. अंधारापलीकडे घर केवढे, हे चित्र सांगत नाही. वास्तूचा आराखडा समजावायचा असेल तर यथार्थदर्शनच हवे. पण इथे विषय वास्तू नाही, जपलेली ज्योत आहे. तिच्यासाठी हातभर अंतर पुरते.

आणखी एक. हे चित्र अनेकदा राजा रविवर्म्याच्या नावावर खपवले जाते. रविवर्मा १९०६ मध्ये वारले. हे चित्र १९४५-४६ चे. त्यांची ख्याती तैलरंगांची, हे जलरंगात. माध्यम आणि साल पाहिले असते तर ही चूक टळली असती.

आज रात्री एक प्रयोग करा. खोलीतले दिवे मालवा, एक पणती लावा, तिच्यापुढे तळहात धरा. मग पेन्सिलीने एकही बाह्यरेषा न काढता, केवळ छायांनी तो हात कागदावर उतरवा. जमले नाही तरी, खोली कुठून येते ते कळेल.