'सारे खरेच' म्हणविणारे नाटक आणि वुल्सीचा कारभार

शेक्सपिअर व फ्लेचर या दोघांच्या लेखणीतून उतरलेले 'आठवा हेन्री' हे नाटक १६१३ साली लंडनच्या ग्लोब नाट्यगृहात रंगभूमीवर आले, तेव्हा ते 'सारे खरेच' या नावानेही ओळखले जात होते. त्याच वर्षी २९ जून रोजी प्रयोग चालू असता उडविलेल्या तोफेने नाट्यगृहाचे गवती छप्पर पेटले, ही कथा आमच्या बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. आम्हांस येथे त्या आगीशी कर्तव्य नाही. त्या नावाशी आहे. कारण या नाटकातील कार्डिनल वुल्सी हे पात्र जितके प्रभावी, तितकेच ते एका राज्यकर्त्यावर अन्याय करणारे आहे, आणि तो अन्याय नाटककारांनी कल्पनेने रचलेल्या प्रसंगांनी नव्हे, तर खऱ्या प्रसंगांची जागा बदलून केला आहे.

पहिल्या अंकातील करांचा प्रवेश घ्या. राणी कॅथरिन राजापुढे गुडघे टेकून प्रजेचे गाऱ्हाणे मांडते: मालमत्तेचा सहावा हिस्सा मागितला जात आहे, लोकर पिंजणारे, सूत काढणारे, विणणारे कामावरून निघाले आहेत. राजा आश्चर्य करतो, कर रद्द करतो, आणि वुल्सी हळूच आपल्या चिटणिसाच्या कानात सांगतो की ही सूट आमच्या रदबदलीने मिळाली अशी बोलवा उठवा. प्रवेश उत्तम वठला आहे यात शंका नाही. परंतु हा कर १५२५ सालचा. फ्रान्सचा राजा पाव्हियाच्या लढाईत कैद झाला, फ्रान्सवर स्वारी करण्याची हेन्रीला घाई झाली, आणि पार्लमेंटला न विचारता 'स्नेहाची देणगी' या गोड नावाखाली पैसा मागण्यात आला. सफोकमध्ये लॅव्हनमच्या आसपासचे विणकर उठले. नाटकात हाच प्रसंग बकिंगहॅमच्या खटल्याला, म्हणजे १५२१ सालाला, चिकटविला आहे. त्यामुळे एका सरदाराचा घात आणि प्रजेची पिळवणूक ही एकाच मनाची दोन कृत्ये भासतात. प्रत्यक्षात काय घडले? राजाने या मागणीची आपणांस माहिती नव्हती असे सांगितले आणि दोष वुल्सीने आपल्या शिरावर घेतला. स्वारी हवी होती राजाला, शिव्या खाल्ल्या प्रधानाने! आमच्या मते रंगभूमीला याहून मोठे नाट्य मिळणे कठीण. पण हेन्रीच्या कन्येच्या राज्यात वाढलेल्या नाटककाराच्या हातून ते लिहिले जाणे त्याहूनही कठीण होते.

शिवाय करपद्धतीत वुल्सीने जे खरे काम केले त्याचा नाटकात मागमूस नाही. जुना 'पंधरावा व दहावा हिस्सा' हा कर १३३४ साली ठरलेल्या आकारणीवर चालत आला होता. कोणते गाव वाढले, कोणते ओस पडले, याची त्याला दाद नव्हती. वुल्सीच्या काळात १५१३ पासून बसविलेली 'सब्सिडी' ही माणसामाणसाची जमीन, चीजवस्तू अथवा मजुरी पाहून आकारली जाई. ती लोकप्रिय नव्हती; कोणता कर असतो? पण ज्याची ऐपत जास्त त्याने जास्त द्यावे, हे तत्त्व तीत होते.

तीच गोष्ट न्यायाची. १५१५ च्या डिसेंबरात वुल्सी चान्सलर झाला. सातव्या हेन्रीच्या काळी 'स्टार चेंबर'पुढे वर्षाकाठी डझनभर दावे येत. वुल्सीच्या अमदानीत ते १२० च्या घरात गेले. नॉर्थंबरलंडच्या अर्लसारखा बडा सरदार १५१६ साली तुरुंगाची हवा खाऊन आला. गरिबांच्या अर्जांसाठी व्हाइटहॉलमध्ये कायमचे न्यायासन मांडले गेले. १५१७ साली, मेंढरांच्या कुरणांसाठी शेतजमिनींस व गायरानांस कुंपणे घालून गावे कोणी उठविली, याची चौकशी करण्यास आयोग नेमला गेला आणि अडीचशेहून अधिक जमीनदारांवर खटले भरले गेले. संस्थानी मुलखात ज्यांच्या वाडवडिलांनी दिवाणांचे कारभार पाहिले, अशा आमच्या इंदूर-बडोद्याच्या वाचकांस हे सांगावयास नको की, असे करणाऱ्या माणसाचे शत्रू कोण होतात. ज्या बखरींवर नाटककार विसंबले त्यांच्या मुळाशी एडवर्ड हॉल आहे. तो लंडनचा वकील, आणि वुल्सीच्या न्यायासनाविषयी त्या वर्गाला प्रेम नव्हते.

तिसऱ्या अंकात तर नाटककारांनी कमालच केली आहे. वुल्सीच्या खाजगी संपत्तीची यादी चुकून राजाच्या हाती पडते आणि त्याचा नाश ओढवतो. ही कथा बखरीत आहे खरी, पण ती डरहॅमचा बिशप रूथॉल याची. आपल्या संपत्तीची वही त्याने चुकून पाठविली आणि ती राजापर्यंत पोहोचविली वुल्सीने. बळी पडलेल्याचा प्रमाद पुढे वुल्सीच्याच गळ्यात बांधावा, यास कलात्मक न्याय म्हणावयाचे तर म्हणावे. 'सारे खरेच' मात्र म्हणू नये.

याचा अर्थ वुल्सी निर्दोष होता असा नाही. यॉर्कच्या आर्चबिशपपदाबरोबर दुसरी बिशपपदे त्याने एकामागून एक भोगली. धर्मसंस्थेच्या शुद्धीचे बोलणाऱ्याने हे करावे ही विटंबनाच. १५२६ साली एल्टम येथे राजवाड्याच्या खर्चाला शिस्त लावणारे नियम त्याने केले, त्यात राजाच्या निकटच्या सेवकांची संख्या बारावरून सहावर आणली. काटकसर झाली, आणि राजाच्या कानाशी असणारी नको ती माणसेही दूर झाली. पण त्याचे खरे वैगुण्य आम्हांस याहून खोल वाटते. त्याच्या चौदा वर्षांच्या चान्सलरकीत पार्लमेंट भरले ते अवघे एकदा, १५२३ साली. त्या वेळी तर पैशाच्या गरजेपोटी कुंपणांविरुद्धची मोहीम त्याला थांबवावी लागली. दावे इतके साचले की निवाडा होईना. जे केले ते स्वतःच्या अधिकाराने. १५२९ साली अधिकार गेला तेव्हा त्यामागे कायद्याचे पाठबळ फारसे उरले नाही. त्याच्याच हाताखाली, लहान मठ मोडून ऑक्सफर्ड व इप्सविचच्या विद्यालयांस उत्पन्न लावून देण्याच्या कामी तयार झालेला टॉमस क्रॉमवेल हे ओळखून होता. त्याने १५३० नंतर प्रत्येक गोष्ट पार्लमेंटकडून कायद्यात उतरवून घेतली.

आधुनिक लेखकांपैकी रॉबर्ट बोल्टने १९६० च्या नाटकात वुल्सीला एकच प्रवेश दिला. हिलरी मँटेलने २००९ च्या 'वुल्फ हॉल'मध्ये त्याला माणूसपण परत केले, पण तेही या क्रॉमवेलच्या डोळ्यांनी, म्हणजे प्रेमाने. न्यायासनावर बसलेला, कज्जे ऐकणारा वुल्सी तेथेही ओझरताच. जुन्या नाटकात चौथ्या अंकात ग्रिफिथ मरणासन्न राणीला त्याचे गुण सांगतो, तेव्हा विद्वत्ता आहे, औदार्य आहे, दोन विद्यालये आहेत. गरिबांचा न्याय नाही. तथापि एके ठिकाणी, पदच्युत झाल्यावर, आपल्या जागी मोर आला हे कळताच रंगमंचावरचा वुल्सी त्याला आशीर्वाद देतो की, तुझ्या थडग्यावर अनाथांनी अश्रू ढाळावेत. हा भाग फ्लेचरचा मानतात. चान्सलरचे काम काय असते हे संपूर्ण नाटकात या एका वाक्यातच आले आहे, आणि तेही दुसऱ्याच्या नावे.