न झालेल्या मैफलींचा हिशेब

बँडवरच्या माहितीपटात सहसा यशाची मोजदाद असते. एडी मोरेटी आणि सुरूश अल्वी यांच्या ‘हेवी मेटल इन बगदाद’ (२००७) मध्ये मोजदाद आहे ती न झालेल्या मैफलींची. ‘अक्रासिकौडा’, म्हणजे काळा विंचू, या इराकी रॉक बँडची ही हकिकत.

बँड २००१ मध्ये उभा राहिला. तेव्हा मंचावर यायचे तर सद्दाम हुसेनच्या स्तुतीचे गाणे वाजवणे भाग होते. २००३ मध्ये ती राजवट गेली. पण अमेरिकी आक्रमणानंतरच्या यादवीत सरावाची जागाही बॉम्बने उद्ध्वस्त झाली. हुकूमशाहीत गाणे अटींवर मिळत होते, ‘मुक्ती’नंतर तेही गेले. हे विदारक सत्य चित्रपट भाषणबाजी न करता सांगतो. जीव वाचवायला दमास्कसला गेलेल्या या तरुणांना अखेर पोटासाठी वाद्ये विकावी लागतात.

दोष आहेच. बुलेटप्रूफ जाकिटे, भाड्याचे अंगरक्षक, स्वतःचे धाडस यांत दिग्दर्शक फार रमतात. पाहुण्याची चार दिवसांची भीती आणि रहिवाशाची रोजची दहशत एका मापाने मोजता येत नाही.

तरीही हा चित्रपट मोलाचा आहे. बॉम्ब टाकणारा किंवा बॉम्बने मरणारा, एवढ्या दोनच भूमिका बातम्यांनी इराकी तरुणाला दिल्या. इथे तो गिटार जुळवतो, थट्टा करतो, चिडतो.

पुढे बँडला आसरा मिळाला तो युद्ध लादणाऱ्या अमेरिकेतच. ‘गिल्गामेश’ हा त्यांचा पहिला पूर्ण अल्बम २०१५ मध्ये आला. मधल्या चौदा वर्षांचा जाब कोणाला विचारायचा, हा प्रश्न चित्रपट आपल्या हाती ठेवतो.