परजीवी कृमी आणि ग्राउज पक्ष्यांची संख्या : एका सिद्धांताची चिकित्सा

प्रस्तावना :
इंग्लंड-स्कॉटलंडच्या हेदर-माळांवरील तांबड्या ग्राउज पक्ष्यांची संख्या काही वर्षांच्या अंतराने वाढते व कोसळते. आपल्या दख्खनच्या माळांवरील पखुर्डीचे इंग्रजी नाव ग्राउजशी जुळते. परंतु तिचे कुल सर्वस्वी भिन्न आहे. या चढउतारास परजीवी कृमी कितपत कारणीभूत आहेत, या प्रश्नाचा परामर्श प्रस्तुत लेखात घेतला आहे.

सिद्धांताची मांडणी :
लॉर्ड लोव्हॅट यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल 1911 मध्ये प्रसिद्ध झाला. पुढे दक्षिण ध्रुव मोहिमेत मृत्यू पावलेले एडवर्ड विल्सन यांनी त्यासाठी शेकडो पक्ष्यांचे विच्छेदन केले होते. पक्ष्याच्या अंधांत्रात राहणारा ट्रायकोस्ट्राँगिलस टेन्यूइस हा सूत्रकृमी रोगाचे मूळ ठरविण्यात आला. त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात, अळ्या हेदरच्या शेंड्यांवर चढतात आणि चाऱ्याबरोबर पुन्हा पोटात जातात.

1998 मध्ये हडसन, डॉब्सन व न्यूबॉर्न यांनी उत्तर इंग्लंडमधील सहा ठिकाणच्या प्रयोगाचे निष्कर्ष मांडले. पक्षी पकडून जंतनाशक पाजलेल्या ठिकाणी संख्येची घसरण सौम्य झाली. कृमी प्रजननक्षमता घटवतात. त्याचा परिणाम उशिरा दिसतो व त्यातून चक्र निर्माण होते, असे त्यांचे प्रतिपादन होय.

चिकित्सा :
या प्रयोगाचे मोल निर्विवाद आहे. निसर्गात एवढ्या विस्तृत प्रमाणावर कारणाची परीक्षा क्वचितच झाली असेल. तथापि संख्येचे मापन शिकारीच्या नोंदींवरून केलेले होते. पक्षी विरळ झाले की शिकारच थांबते. नोंद शून्य होते, पक्षी मात्र शून्य नसतात. त्यामुळे घसरण आहे त्याहून तीव्र भासते. दुसरे असे की, घसरण सौम्य होणे म्हणजे चक्र नाहीसे होणे नव्हे. 2003 मध्ये मूजो व सहकाऱ्यांनी नरांमधील टेस्टोस्टेरॉन वाढविले असता आक्रमकता वाढून संख्या घटल्याचे दाखविले. रेडपाथ व सहकाऱ्यांच्या 2006 मधील प्रयोगात कृमी कमी करूनही घसरण टळली नाही.

तिसरा मुद्दा अधिक मूलगामी आहे. शिकारीसाठी भक्षकांचे नियंत्रण करून पक्ष्यांची दाटी वाढविली जाते आणि दाटीत कृमीही फोफावतात. मग औषधमिश्रित खडे माळावर ठेवले जातात. अशा व्यवस्थापित माळावरील निष्कर्ष 'निसर्गनियम' म्हणून शिकविणे कितपत युक्त?

समारोप :
सारांश, कृमी हे चक्राचे एक कारण आहे. एकमेव कारण नव्हे. पदव्युत्तर वर्गात हे उदाहरण शिकविताना आकडे कोणी, कशासाठी व कसे मोजले, हा प्रश्न प्रथम विचारला जावा. माळरानावरील पक्ष्यांचा अभ्यास करू इच्छिणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनाही हीच शिस्त उपयोगी पडेल.